हात वर करून ठरलेली जात

मी कुत्रा बोलतोय. कोणत्या जातीचा, हे लगेच विचारू नका. विचारलंत तर मी बोलणं थांबवीन आणि पलंगाखाली जाऊन बसेन. मग तुम्हाला माझं शेपूट तेवढं दिसेल, आणि त्या शेपटावरूनही तुम्ही काहीतरी जात ठरवालच. माणसांना मी चांगला ओळखतो.

मी संशयी आहे, हे मी लपवत नाही. घरात नवी पिशवी आली तर आधी तिच्याभोवती फेरी मारतो. पंख्याचा आवाज बदलला तरी कान टवकारतो. कुणी फार गोड आवाजात 'ये, ये' म्हणालं, तर दोन पावलं मागे सरकतो. लोक म्हणतात, 'ह्या जातीच्या रक्तातच असतं ते.' रक्ताचा काही संबंध नाही. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं लागतं, एवढंच. माझं तोंड कसं पोळलं ते सांगतो, म्हणजे तुम्हीच ठरवा.

माझा जन्म एका टायरच्या दुकानामागे झाला. जुन्या टायरांच्या चळतीत, सगळ्यात खालच्या टायरात आईने आम्हा भावंडांना ठेवलं होतं. आई तांबूस रंगाची, सडपातळ. हवा भरायचं मशीन धडधडलं तरी ती डोळे उघडत नसे. बाप कोण, हे तिने कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. आमच्यात विचारत नाहीत. माझी एक बहीण पांढरी होती, एक भाऊ ठिपक्याठिपक्यांचा. मी काळा, भुवयांच्या जागी दोन तांबूस ठिपके, आणि चारी पाय असे तांबूस की मोजे घातल्यासारखे वाटावेत.

ह्या मोज्यांनी माझा घात केला.

एक दिवस मोठ्या गाडीतून एक साहेब चाक बदलायला आले. टायरवाल्याने मला मानेला धरून उचललं आणि म्हणाला, "साहेब, हे बघा. अस्सल अल्शेशन. पंजे बघा, पंजे!" साहेबांनी माझे पंजे बघितले. बाकीचा मी त्यांनी बघितलाच नाही. माझ्या आईकडेही कुणी वळून पाहिलं नाही. ती तिथेच चार हातांवर पडली होती, आणि ती अल्शेशन नाही हे आंधळ्यालाही कळलं असतं. पण माणसाला एकदा एक शब्द मिळाला की डोळ्यांना सुट्टी मिळते, हे मी त्या दिवशी शिकलो. टायरवाल्याच्या खिशात काहीतरी गेलं आणि मी गाडीच्या मागच्या सीटवर आलो.

साहेबांचं घर मोठं होतं. गुळगुळीत फरशीवर माझे पाय चार दिशांना पळत. तिथे मला एक भारदस्त नाव दिलं होतं, ते मी आता घेत नाही. खाणं उत्तम. पण सगळं घर एकाच गोष्टीची वाट बघत होतं: माझे कान कधी उभे राहतात. अल्शेशनचे कान उभे असतात म्हणे. साहेब ऑफिसातून आले की बूट काढायच्या आधी माझे कान बघायचे. बाईसाहेब फोनवर बहिणीला सांगायच्या, "नाही गं, अजून नाही." मला आधी वाटलं, कानांतून काहीतरी बाहेर येणार आहे.

शेवटी त्यांनी कानांना पुठ्ठा लावून वरून पांढरी चिकटपट्टी गुंडाळली. ती पट्टी काढली तेव्हा उजवा कान उभा राहिला. डावा पडला तो पडलाच.

मग रविवारी पाहुणे येऊ लागले. साहेबांचे मेहुणे सगळ्यात वाईट. त्यांना प्रत्येक गोष्टीतलं कळत असे. चहाचा कप हातात घेऊन ते माझ्याभोवती फिरले आणि म्हणाले, "दाजी, फसवलं तुम्हाला. हा अल्शेशन नाही, डाबरमन आहे. त्यातही अर्धाच." साहेबांचा चेहरा उतरला. मी त्या दिवशी सकाळी जो होतो तोच संध्याकाळीही होतो, वाटी तीच, झोपायची जागा तीच. पण साहेबांनी त्यानंतर माझ्या डोक्यावरून हात फिरवला नाही.

आणि मग चार गोष्टी घडल्या. त्या नीट लक्षात ठेवा, कारण पुढे त्यांच्यावरच सगळं आहे. आधी मला सुगंधी साबणाने अंघोळ घातली. मग माझे फोटो काढले, उजव्या बाजूने, म्हणजे पडलेला कान दिसू नये. मग साहेब फोनवर हसून हसून कुणाशी तरी बोलले, "डाबरमन हो, चांगला तरतरीत आहे." आणि मग गाडीचं दार उघडलं. अंघोळ, फोटो, फोन, गाडी. मी आनंदाने गाडीत उडी मारली. फिरायला चाललोय असं वाटलं होतं. इतका भोळा मी पुन्हा कधी झालो नाही.

गाडी थांबली ती दातांच्या लॅबसमोर. दातांची म्हणजे, माणसांसाठी कवळ्या बनवतात ती जागा. लॅबच्या मालकाला राखणीला कुत्रा हवा होता. साहेबांची गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत तो हसत होता. मग त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "डाबरमन असा बुटका असतो होय? आणि हा कान काय लोंबतोय? ह्याला उद्याच सोडून या कुठेतरी."

लॅबमध्ये कवळ्या घडवणारी एक बाई होती. हातांना कोपरापर्यंत पांढरी पूड, बोटांना गुलाबी मेणाचा वास. ती साच्यातून डोकं वर न काढता म्हणाली, "आजच्या दिवस मी घरी नेते."

तो 'आजचा दिवस' पुढे बरीच वर्षं चालला. पण मी मात्र रोज सकाळी उठून बघत असे, आज संपतोय की काय.

तिच्या घरात दोनच माणसं. ती आणि तिचे सासरे. नवरा जहाजावर इंजिनं सांभाळतो, त्यामुळे तो घरात बहुतेक वेळ फोनमध्येच असतो. सासऱ्यांना ती बाबा म्हणते, ते तिला सूनबाई म्हणतात, म्हणून मीही मनात तेच म्हणतो. घर भाड्याचं, दुसऱ्या मजल्यावरचं. बाबांच्या तोंडात एकही दात नव्हता. सून अख्ख्या गावाच्या तोंडात दात बसवते आणि सासरा बोळका! सूनबाईने त्यांच्यासाठी स्वतः मन लावून कवळी केली होती. ती खिडकीत पाण्याच्या वाटीत पडलेली असे.

"बाबा, घाला ना. किती छान बसलीय मापाला."

"तोंडात कुणाचं तरी सामान ठेवायला घेतल्यासारखं वाटतं गं," बाबा म्हणायचे. अर्थात ते असं स्पष्ट निघत नसे. त्यांच्या तोंडून शब्द ओल्या साबणासारखे निसटत. सूनबाईला आणि मला ते कळत, बाकी जगाला निम्मे.

खरं सांगू? त्या वाटीतल्या कवळीवर माझा पहिल्या दिवसापासून संशय होता. माणूस हसतो तेव्हा दात दिसतात, हे मला मान्य आहे. पण माणूस नसताना नुसते दातच हसत असतील, तर त्यावर कुणी विश्वास ठेवावा? मी खिडकीखालून जाताना नेहमी एक डोळा वर ठेवून जात असे.

शिवाय त्या दातांशी माझं एक वेगळं वैरही होतं. बाबा सकाळी पाव चहात बुडवून खात. पावाची कड त्यांना चावता येत नसे, म्हणून ती काढून ते मला देत. "मऊ माझं, कड तुझी," असं म्हणत. घरात माझ्या हक्काची म्हणावी अशी हीच एक गोष्ट होती. ज्या दिवशी ते दात तोंडात जातील त्या दिवशी माझी कडही जाईल, एवढं गणित मलाही येत होतं.

नावही बाबांनीच ठेवलं. सूनबाई चांगली चांगली नावं सुचवत होती, पण बाबांना ती उच्चारता येईनात. शेवटी ते म्हणाले, "बुवा. ह्याला बुवा म्हणू." हे नाव ओठांनीच बोलायचं आहे, दातांची गरजच नाही. मी झोपेतही त्याला ओ देतो.

बाबा मला रोज दोनदा फिरायला न्यायचे. आणि फिरायला गेलं की तो प्रश्न आलाच. मी त्यांच्या पायामागे जाऊन उभा राहायचो, कारण हा प्रश्न आला की मागून गाडी येते, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

पहिल्या मजल्यावरच्या मावशी म्हणायच्या, "हा बिगुल ना हो? माझ्या भावाकडे बिगुलच होता. अगदी अस्साच."

बाबा मान डोलवायचे. "हो, तोच."

शाळेच्या व्हॅनचा ड्रायव्हर काच खाली करून ओरडायचा, "आजोबा, हक्सी आहे का? बर्फातली?"

"हो, तोच."

भाजीवाली म्हणाली लॅब्रा-डॉग. दूधवाल्याच्या मते मी पामेलियन होतो, फक्त केस गळलेला. एका काकांनी तर मला 'ग्रेडियन' ठरवलं. ती काय चीज आहे हे मला आजतागायत कळलेलं नाही. बाबा सगळ्यांना तेच उत्तर देत. एकदा सूनबाईने त्यांना विचारलं, "बाबा, सगळ्यांना हो काय म्हणता?" तर म्हणाले, "अगं, त्यांना ठाऊकच असतं. विचारतात ते फक्त शाबासकीसाठी. आपलं काय जातं?"

माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली होती. पण मी कुत्रा. सांगणार कुणाला?

आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर एक पैलवान राहत. व्यायामशाळा चालवत. ते एकदा जिन्यात थांबले, माझ्या छातीकडे बघत राहिले आणि त्यांचा आवाजच खाली आला. "आजोबा, हे रॉटव्हीलर आहे."

आणि बाबा म्हणाले, "हो, तोच."

पैलवानांनी मला जिन्याची निम्म्याहून जास्त जागा सोडली आणि भिंतीला चिकटून वर गेले. बाबांना गंमत वाटली. ते घरी येईपर्यंत हसत होते.

पुढे काही दिवसांनी कुरियरवाला आला. डोक्यावर हेल्मेट, काच खाली, चेहरा नाही. आता तुम्हीच सांगा, ज्याला चेहरा नाही तो दारात उभा राहून सही मागतो, तर भुंकायचं नाही तर काय करायचं? मी फक्त भुंकलो. दाराच्या आतून. पण तो पार्सल टाकून पळाला आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर त्याचा पाय मुरगळला. तो पाय धरून बसला असताना पैलवान खाली आले. त्यांनी त्याला उठवलं, पाणी दिलं आणि सांगितलं, "नशीबवान आहेस. वर रॉटव्हीलर आहे."

संध्याकाळपर्यंत हा शब्द गच्चीपासून गेटपर्यंत पोचला. प्रत्येक मजल्यावर तो थोडा बदलत गेला: कुणी राटवेलर म्हणे, कुणी रॉकव्हीलर, तळमजल्यावर तर तो 'रोड-रोलर' झाला होता. शब्द कसाही म्हटला तरी भीती मात्र तीच होती. मावशी, ज्या मला बिगुल म्हणून बिस्किट द्यायच्या, त्यांनी मला बघून दार लावून घेतलं.

बिल्डिंगच्या नियमात होतं म्हणे, उग्र जातीचा कुत्रा ठेवता येणार नाही. मग सभा भरली, खाली पार्किंगमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून. अध्यक्षांनी निरोप पाठवला की कुत्र्यालाही घेऊन या. सूनबाई मला घेऊन खाली आली. बाबा घरीच थांबले. का थांबले ते मला तेव्हा कळलं नाही. मी मात्र त्याची नोंद घेतली.

अध्यक्ष उभे राहिले. "प्रश्न एवढाच आहे की हे जनावर नक्की काय आहे."

सूनबाई म्हणाली, "डॉक्टरांना दाखवलंय. ते म्हणाले, मिश्र आहे."

"मिश्र म्हणजे अर्धं तरी रॉटव्हीलर असणारच," पैलवान म्हणाले.

"अहो, मग अर्धं चावेल तरी!" मागून कुणीतरी म्हणालं. हशा झाला. सूनबाई हसली नाही. तिने माझा पट्टा हाताला आणखी एक वेढा घालून घट्ट धरला.

"आणि त्यांच्या सासऱ्यांनी स्वतः माझ्यासमोर कबूल केलंय," पैलवान म्हणाले. "विचारा त्यांना."

"मला म्हणाले होते बिगुल," मावशी हळूच म्हणाल्या.

"मला सांगितलं लॅब्रा-डॉर," आणखी कुणीतरी.

"बघा! म्हणजे लपवतायत," अध्यक्ष म्हणाले. "लपवायचं कधी? काहीतरी असेल तेव्हाच ना? कुठेतरी पाणी मुरतंय."

मला नवल वाटलं. ह्या एका बाबतीत हा माणूस अगदी माझ्यासारखा विचार करत होता.

मग अध्यक्षांनी जो मार्ग काढला, तो मी आधी कुठे पाहिला नव्हता आणि नंतरही पाहिला नाही. ते म्हणाले, "मतं घेऊ. रॉटव्हीलर म्हणणाऱ्यांनी हात वर करा." आणि भराभर हात वर गेले. ज्यांनी मला आयुष्यात जवळून बघितलं नव्हतं त्यांचेही. बिगुलच्या बाजूने मावशींचा हात अर्ध्यापर्यंत वर आला आणि पदर सारखा करून खाली गेला. तेवढ्यात माझी जात ठरली. मी तिथेच बसलो होतो, मान खाजवत. मला तर काहीच झाल्यासारखं वाटलं नाही.

तेवढ्यात जिन्यावरून बाबा उतरले.

नेहमीचं धोतर नाही, नेहमीचा सदरा नाही; इस्त्रीची पँट, चांगला शर्ट. पण ते नव्हे. त्यांचं तोंडच वेगळं होतं. बसकी गालफडं भरली होती. हनुवटी पुढे आली होती. आणि ते बोलू लागले तर शब्द ओल्या साबणासारखे निसटेनात. एकेक शब्द खणखणीत, शेवटी बारीक टक् असा आवाज.

"माझं ऐका," ते म्हणाले. "मी प्रत्येकाला हो म्हणालो, कारण तुम्हाला हो ऐकायचं होतं. चूक माझी आहे, जनावराची नाही. ह्याला जातबीत काही नाही. कुठल्यातरी दुकानामागे जन्मलेला गरीब कुत्रा असेल हा. आजपर्यंत कुणाला नख लावलेलं नाही. भुंकतो, ते घाबरतो म्हणून. आता हेच बघा."

आणि मी किती गरीब आहे हे दाखवायला ते माझ्यापुढे वाकले, हात पुढे केला आणि हसले.

खिडकीतल्या वाटीतले दात माझ्या अंगावर चालून आले.

वास बाबांचा, कपडे नुकतेच धुतलेले, आवाज परका, आणि मध्ये ते दात. मी मागे उडालो आणि जीव तोडून भुंकलो. भुंकणं थांबेचना. माझे स्वतःचे दातही बाहेर आले असावेत, कारण पुढच्या रांगेतल्या खुर्च्या मागच्या रांगेवर गेल्या. एक खुर्ची मोडली.

"घरच्या माणसावर!" पैलवान खुर्चीच्या आडून ओरडले. "बघा, बघा! खाऊ घालणाऱ्या हातावर उलटतंय! पक्कं रॉटव्हीलर!"

बाबांचा हात तसाच पुढे राहिला होता. मग त्यांनी तो हळूच खिशात घातला. ते मला रागावले नाहीत. त्याचंच मला जास्त भय वाटलं.

निकाल लगेच लागला. महिनाअखेर कुत्रा गेला पाहिजे, नाहीतर भाडेकरूंनी जागा सोडावी. जागामालकाला तिथूनच फोन लावला गेला.

त्या दिवसापासून मी घरात कान उभा ठेवून राहू लागलो, उभा राहतो तो एक.

पहिली गोष्ट: बाबांनी दात काढायचं बंद केलं. दिवसभर घालून बसत. आरशासमोर उभं राहून काहीबाही मोठ्याने बोलत: "नमस्कार, जागा बघायला आलोय. दोनच माणसं आहोत." मध्येच थांबून गाल चोळत, हिरड्या दुखत असाव्यात. सकाळी पाव आला की ते कडेपासून चावायला सुरुवात करत. कष्टाने, डोळ्यांतून पाणी काढून, पण अख्खा पाव कडेसकट स्वतः खात. मी समोर बसलेला असे. "थांब रे, सराव करतोय," म्हणत. कसला सराव? माझ्यावाचून जेवायचा, हे मी ओळखलं.

दुसरी गोष्ट: सूनबाईने मला अंघोळ घातली.

साबणाला वास होता. मी तोंड भिंतीकडे करून उभा राहिलो. ती म्हणाली, "काय रे, रुसलास का?" मी तिच्याकडे बघितलं नाही.

तिसरी गोष्ट: फोटो. तिने मला खिडकीत बसवलं आणि फोनवर फोटो काढले. पडलेल्या कानाच्या बाजूनेही काढले, ह्याचं मला जरा नवल वाटलं. पण बुडत्याला तेवढ्या काडीचा काय आधार?

मग फोन. रोज, लॅबमधून आली की ती फोन घेऊन बसे. "हो, कुत्रा आहे एक. शांत आहे. नाही, जात तशी काही… नाही का? बरं." पुन्हा दुसरा फोन. "फोटो पाठवलाय बघा. नाही, ते रॉटव्हीलर नाही हो. बरं, राहू दे." कधी बाबा तिच्या हातातून फोन घेत आणि त्या नव्या, टक् टक् आवाजात बोलत. मी पलंगाखालून ऐकत असे. ते मला गिऱ्हाईक शोधत होते आणि मला कुणी घेत नव्हतं. एकीकडे माझा अपमान होत होता, दुसरीकडे प्रत्येक 'राहू दे'ला माझा जीव भांड्यात पडत होता.

मग घरात खोकी आली. भांडी खोक्यात, कपडे खोक्यात. मी पुन्हा पुन्हा प्रत्येक खोकं हुंगलं. ह्याचा अर्थ मला लागेना. साहेबांच्या घरी खोकी नव्हती.

आणि एका सकाळी खाली गाडी उभी राहिली.

सूनबाईने माझ्या गळ्यात पट्टा अडकवला. मी पलंग असायचा त्या जागी जाऊन बसलो. पलंग आदल्या दिवशीच गेला होता, त्यामुळे लपणं जमलं नाही. तिने ओढलं, मी चारी पाय रोवले. कुत्र्याचं शेपूट वाकडं म्हणतात, पण मी त्या दिवशी सगळाच वाकडा झालो होतो. जिन्यापर्यंत कसाबसा आलो आणि गाडीच्या दारापाशी आडवा पडलो. गाडीवाला म्हणाला, "ताई, चावेल का हो? रॉटव्हीलर आहे ना?" मावशी खिडकीतून बघत होत्या. पैलवान गच्चीतून बघत होते. मला एवढंच कळत होतं की आत पाय टाकला की संपलं.

बाबा पुढे आले. माझ्याकडे त्यांनी थोडा वेळ बघितलं. मग सगळ्यांच्या देखत तोंडात बोटं घातली, कवळी काढली, रुमालात गुंडाळून खिशात ठेवली. चेहरा पुन्हा आत बसला. जुना, सुरकुतलेला, माझा.

"बुवा," ते म्हणाले. "चल रे."

मी उठलो. मला नेऊन टाकणार, हे मला ठाऊक होतं. पण त्या तोंडाने हाक मारल्यावर न जाणं मला जमण्यासारखं नव्हतं. मी गाडीत चढलो आणि वाटभर खिडकीबाहेर पाहिलं नाही.

गाडी थांबली ती एका बैठ्या घरापुढे. शेजारी सायकली दुरुस्त करायचं दुकान होतं आणि हवेत रबराचा वास. आईच्या टायराचा वास! म्हटलं, संपलं, जिथून उचललं तिथेच आणून सोडलं.

मी दारातच थांबलो आणि आत नाक घातलं. खोल्या दोनच, आधीच्या घरापेक्षा लहान. भिंतीला ओल होती. पण समोर पलंग. आपला. त्याच्या शेजारी खोकी, मी हुंगलेली तीच. बाबांची खुर्ची. खिडकीत पाण्याची वाटी, अजून रिकामी. आणि कोपऱ्यात माझं पोतं, माझ्या केसांसकट, झटकलंही नव्हतं.

मी पुन्हा एकदा सगळं हुंगून पाहिलं, कारण विश्वास बसत नव्हता. साहेबांच्या घरून मी निघालो तेव्हा माझ्याबरोबर कुणाचं सामान आलं नव्हतं. इथे सगळं घरच माझ्याआधी येऊन बसलं होतं. मला सोडायचं की जागा सोडायची, एवढंच त्यांना सांगितलं होतं. त्यांनी जागा सोडली होती.

मला फार लाज वाटली. मी जाऊन पलंगाखाली बसलो आणि बराच वेळ बाहेर आलो नाही.

बाहेर आलो ते पायांचा आवाज ऐकून. घरमालकीणबाई आल्या होत्या, सायकलचं दुकान त्यांचंच. हात ग्रीसने काळे. त्यांनी मला पाहिलं, आणि मला ठाऊक होतं आता काय येणार.

"कोणत्या जातीचा?"

बाबांनी तोंड उघडलं. जुन्या सवयीने त्यांच्या ओठांवर 'हो, तोच' आलंच होतं, पण बाईंनी कुठली जात सुचवलीच नव्हती. त्यांनी सूनबाईकडे पाहिलं.

"माहीत नाही," सूनबाई म्हणाली.

हे उत्तर मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. इतकं सोपं होतं ते!

"बरं," बाई म्हणाल्या. "भुंकतो का?"

"अनोळखी माणसांवर."

"मग ओळख करून घेते." असं म्हणून त्या तिथेच उकिडव्या बसल्या आणि ग्रीसचा हात माझ्या नाकापुढे धरून गप्प राहिल्या. गोड बोलल्या नाहीत, 'ये ये' केलं नाही. मी हात हुंगला. रबर, तेल, साखळी, जरासा घाम. लपवण्यासारखं काही नव्हतं. मी भुंकलो नाही. त्यांच्याकडे अजून थोडं लक्ष ठेवतो, पण भुंकत नाही.

आता मी इथेच राहतो. तोंड पांढरं व्हायला लागलंय, त्यामुळे रस्त्यावर मला आणखी नव्या जाती मिळतात. सूनबाईला लॅब आता लांब पडते. ती लवकर निघते, उशिरा येते, आणि आल्यावर दारातच माझ्या पडलेल्या कानाला हात लावते. बाबा दात घालतात, पण बाहेरच्यांशी बोलायचं असेल तेवढ्यापुरते. 'माहीत नाही' हे ते आता फार छान, खणखणीत म्हणतात.

तुम्हाला जाता जाता एवढंच सांगतो. आम्हाला ओळखायचं असेल तर लांबून शब्द फेकू नका. तो शब्द तुम्हाला नीट म्हणता येत नाही, आणि म्हणता आला तरी तो मी नसतो. खाली बसा, हात पुढे करा, गप्प राहा. आम्ही तुमची जात विचारत नाही, तुमचा वास घेतो. त्यात फसगत कमी होते. माझी झाली होती एकदा, पार्किंगमध्ये, पण तिथे मी नाकाचं ऐकायचं सोडून डोळ्यांचं ऐकलं होतं.

आता थांबतो. चहाचा वास येतोय. खुर्ची सरकली, रुमाल उघडला, वाटीतल्या पाण्यात काहीतरी बुडाल्याचा आवाज झाला. मी एक डोळा त्या वाटीवर ठेवून बाबांच्या पायाशी येऊन बसलोय. आज ते दात तोंडात असते तर त्यांना कड चावता आली असती. सराव झालाय त्यांचा.

पण त्यांनी पाव मोडलाय आणि हात खाली येतोय.

"मऊ माझं," बाबा म्हणतायत, "कड तुझी."